बाहुल्या दोन आहेत, संपादकसाहेब

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरवर अर्धं पान आलं. आमच्या भागातलं एखादं गाव दुष्काळ आणि उसाची थकलेली बिलं सोडून तिसऱ्याच कारणासाठी छापून आलं, याचा आनंद झाला. पण मधल्या छायाचित्राखालची ओळ वाचली आणि हातातला चहा तसाच राहिला. ‘पॉम्पेई येथे सापडलेली व सध्या तेरच्या संग्रहालयात असलेली हस्तिदंती बाहुली’ असं तिथं छापलं आहे.

बाहुल्या दोन आहेत, साहेब. एक पॉम्पेईत, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन शहरात, सापडली, ती इटलीत नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. दुसरी तेरला सापडली आणि तेरलाच, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. दोघी एकमेकींसारख्या दिसतात म्हणून त्यांची नावं एका दमात घेतली जातात, एवढंच. एक दुसरीकडे कधी गेलेली नाही.

ही चूक काढताना मला फुशारकी मारायची नाही. मी याहून मोठी चूक करून बसलो आहे आणि ती वर्तमानपत्रात नाही, वर्गात. जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं चित्रकला शिकवली. त्यातली वीस-बावीस वर्षं मी पोरांना ठासून सांगत असे की, पॉम्पेईची बाहुली आपल्या तेरच्या कारागिरानं घडवली, हे सिद्ध झालेलं आहे. कुठं सिद्ध झालं, कुणी केलं, असं एकाही पोरानं विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही. सेवानिवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा म्हटलं, निदान तो पुरावा डोळ्यांनी वाचू. त्या पुराव्यामागं किती हिंडलो, ते आपल्या वाचकांना सांगावं म्हणून हे पत्र. लांबेल, कापायचं असेल तर शेवटून कापा.

माझं आजोळ तेरचं. आजोबा कुंभार. गोरोबाकाकांच्या गावात कुंभार असणं म्हणजे काय, ते तिथल्यालाच कळतं. वर्षभर मडकी-रांजण, पोळ्याला मातीचे बैल, महालक्ष्म्यांच्या आधी मुखवटे. सुट्टीत आम्ही पोरं तेरणेच्या काठानं आणि गावाभोवतीच्या पांढरीवर हिंडायचो. पांढर म्हणजे जुन्या वस्तीची पांढुरकी माती. मोठा पाऊस पडून गेला की ती धुऊन निघायची आणि वर मणी दिसायचे. आम्ही ते खिशात घालायचो आणि संध्याकाळपर्यंत हरवायचो. लामतुरे यांनी हेच सगळं, मणी, खापरं, नाणी, मातीच्या बाहुल्या, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, हरवू न देता आयुष्यभर गोळा केलं. आम्हां पोरांत आणि त्यांच्यात फरक एवढाच. पण केवढा!

१९९४ साली सातवीची सहल घेऊन मी तेरला गेलो होतो. समाधीचं दर्शन झालं, त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ झालं, मग संग्रहालय. एका कपाटात पांढऱ्या मातीच्या छोट्या स्त्रीमूर्ती होत्या. एक पोरगा काचेला नाक लावून म्हणाला, “सर, ह्या बाहुलीला शिवण हाय का?”

मी वाकून पाहिलं. खरंच, कानामागून खांद्यावरून खाली बारीक रेघ उतरत होती. तिथल्या माहितीत काय लिहिलं होतं ते आता आठवत नाही. पण ती रेघ पाहिल्याबरोबर मला आजोबांचं ओसरीवरचं काम आठवलं. मुखवट्याला एकच साचा लागतो, कारण मुखवट्याची पाठ कुणी बघत नाही. सगळ्या बाजूंनी दिसणारी मूर्ती करायची तर साचे दोन लागतात, एक पुढचा, एक मागचा. दोन्हींत माती दाबायची, कडा ओल्या करायच्या, पातळ चिखलाचा हात द्यायचा, एकमेकांवर बसवायच्या आणि साचा सोडवल्यावर सांध्यावर बोट फिरवायचं. घाई असली की बोट नीट फिरत नाही आणि रेघ राहते. गणपतीच्या कारखान्यात गेलात तर हीच रेघ पॉलिश पेपरनं घासणारी पोरं ओळीनं बसलेली दिसतील. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी तेरच्या कुणा कारागिराला घाई होती. सहलीतल्या त्या पोराला मी हे सगळं सांगितलं आणि मनात एक खूणगाठ बांधली की, हे कुणीतरी नीट लिहिलेलं असणार, ते शोधायचं.

लिहिलेलं आहे. भरपूर आहे. ते कुठं आहे, हाच सगळा प्रश्न.

निवृत्तीनंतर पहिल्यांदा मी एका मोठ्या शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात गेलो. नाव घेत नाही, कारण हा अनुभव त्या एकाच ठिकाणचा नाही. उत्खननाचे अहवाल हवेत म्हणालो. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “गाइड कोण?” म्हटलं, गाइड नाही. “मग पीएच.डी. कशात?” पीएच.डी. करत नाही. त्यांनी चष्मा खाली घेतला. “मग विषय कशाला घेतला?” त्या रागावल्या नव्हत्या, खरोखर बुचकळ्यात पडल्या होत्या. त्यांच्या अर्जात ‘कुतूहल’ असा रकानाच नव्हता. शेवटी विभागप्रमुखाच्या सहीचं पत्र आणा म्हणाल्या. मी म्हटलं, मीच शाळेतला चित्रकला विभाग होतो आणि मीच त्याचा प्रमुख. त्या हसल्या, पण पुस्तक काही दिलं नाही.

मग इंटरनेट. भाच्यानं मोबाईलवर शोधून दिलं. एका लेखाची पहिली चार वाक्यं दिसली आणि पुढं कुलूप. कुलपाची किंमत चौतीस डॉलर. पंधरा पानांच्या लेखाला चौतीस डॉलर म्हणजे, आमच्याकडे त्या पैशांत दिवाळीच्या पणत्यांचा अख्खा आवा, म्हणजे कुंभाराची भट्टीभर पणत्या, विकत मिळेल. दुसऱ्या एका ठिकाणी मराठीत मजकूर सापडला म्हणून हरखलो. त्यात लिहिलं होतं, ‘तेर येथील मूर्ती दुहेरी बुरशीपासून बनवलेल्या आहेत.’ दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं. इंग्रजीत साच्याला आणि बुरशीला ‘मोल्ड’ हा एकच शब्द आहे, आणि यंत्रानं आपल्या परीनं बुरशी निवडली होती. पुढं ‘लाल घसरणीची भांडी’ही होती. ती म्हणजे भाजण्याआधी गेरूचा हात दिलेली भांडी, त्या हाताला इंग्रजीत ‘स्लिप’ म्हणतात. आजोबा असते तर म्हणाले असते, घसरली तर भांडी कुठली, खापरंच की.

हसू येतं, पण सध्या आमच्या शाळेतली मुलं प्रकल्पासाठी हेच उतरवून घेतात. दुहेरी बुरशीला दहापैकी आठ गुण मिळालेले मी स्वतः पाहिलेत.

पुण्यात शिकणाऱ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं शेवटी मार्ग दाखवला. जेस्टॉर या विद्वत्नियतकालिकांच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की महिन्याला शंभरापर्यंत लेख पडद्यावर फुकट वाचता येतात, उतरवून घेता येत नाहीत एवढंच. मला उतरवून कशाला हवं? मी वही-पेन्सिलीचा माणूस. इंटरनेट आर्काइव्हवर जुनी सरकारी पुस्तकं, जुने अहवाल पानन् पान उघडे आहेत. शब्दकोश जवळ घेऊन रोज दोन पानं, असं करत मी तीन वर्षांत पाच वह्या भरल्या.

त्यातून जे कळलं, ते थोडक्यात सांगतो.

आपलं तेर म्हणजेच जुन्या ग्रंथांतलं ‘तगर’ नगर, ही ओळख मिळाली १९०१ साली, शिलालेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेल्या लेखामुळं. त्याआधी तगर कुठं, यावर भांडणच होतं. पंडित भगवानलाल इंद्रजी जुन्नर म्हणत, रा. गो. भांडारकर धारूर म्हणत. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या प्रवासवहीत, ‘पेरिप्लस’मध्ये, पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं नगर आहे, तिथून जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला नेतात, असं लिहिलंय. रस्त्यांविषयीची ती टीप वाचून मी वहीत समासात लिहिलं, ‘अजूनही.’ फ्लीटनंतर लगेच पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स तेरला येऊन गेले आणि पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात त्यांनी तेरवर लिहिलं. त्रिविक्रमाच्या देवळाची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल का, याचा उलगडा मला तिथं झाला. असं देऊळ आंध्रात चेझर्ल्याला आहे. आम्ही लहानपणी त्या गोल पाठीमागं लपाछपी खेळायचो. लपायला कोपरा नाही म्हणून ती जागा वाईट, एवढंच आमचं स्थापत्याचं ज्ञान.

आता बाहुल्या. पॉम्पेईची बाहुली १९३८ साली इटालियन पुरातत्त्वज्ञ आमेदेओ मायुरी यांना उत्खननात एका घरात सापडली. ते शहर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं, तेव्हा बाहुली त्याच्या आधीची हे पक्कं. भारतातल्या किती वस्तूंना अशी खात्रीची तारीख आहे? उंची सुमारे २५ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना दोन लहान दासी. डोक्यापासून खाली आरपार भोक, त्यामुळं ती नुसती मूर्ती नसावी, आरशाची मूठ असावी किंवा एखाद्या छोट्या मेजाचा पाय असावा, असे तर्क आहेत. बैठकीखाली खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर कोरलेलं आहे. नेपल्सच्या संग्रहालयात तिचा नोंदणी क्रमांक आहे १४९४२५. माझा पेन्शनचा क्रमांक मला पाठ नाही, हा आहे.

आणि इथंच माझं मडकं फुटलं. कलेच्या इतिहासाच्या अभ्यासक मिरेला लेव्ही डँकोना यांनी १९५० साली ‘आर्टिबुस एशिए’ या नियतकालिकात या बाहुलीवर मोठा लेख लिहिला आहे. तो वाचताना मी तेरचं नाव शोधत होतो. त्यात चर्चा होती मथुरेच्या वळणाची. तेरची बाहुली विद्वानांपुढं आली त्यानंतर, १९६० साली, कलेचे अभ्यासक मोतीचंद्र यांनी ‘ललित कला’ या नियतकालिकात लिहिलं तेव्हा. पुढं १९७३ साली जालन्याकडच्या भोकरदनला नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी उत्खनन केलं, तिथंही हस्तिदंताचं काम सापडलं, आणि पुरातत्त्वज्ञ म. के. धवलीकरांनी पॉम्पेईच्या बाहुलीचं माहेर म्हणून भोकरदनकडं बोट दाखवलं. कुणी अफगाणिस्तानातल्या बेग्रामच्या हस्तिदंतांशी नातं लावतं. म्हणजे माहेर म्हणून चार गावं भांडताहेत आणि निकाल लागलेला नाही. खरोष्ठी ही वायव्येची लिपी, तिचं अक्षर मराठवाड्यातल्या कारागिरानं का कोरावं, हा प्रश्न आहेच. मला आपला सुतारी तर्क सुचतो की, खाटेचे पाय जोडताना सुतार कोणता पाय कुठं बसवायचा याची खूण करतो, तसं ते जोडणाऱ्याचं अक्षर असेल. घडवणारा एक, जोडणारा दुसरा. हा माझा तर्क, शास्त्र नव्हे.

गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी तपासून कच्चं मडकं कोणतं ते सांगितलं होतं. बावीस वर्षं ‘सिद्ध झालंय’ सांगणाऱ्या माझ्या डोक्यावर ते थापटणं त्या दिवशी बसलं. एक मात्र सांगतो. ‘सिद्ध झालंय’ यापेक्षा ‘चार गावं भांडताहेत’ ही गोष्ट पोरांना जास्त आवडली असती. मीच ती त्यांना दिली नाही, कारण माझ्याजवळ नव्हती. ती परदेशात छापल्या जाणाऱ्या नियतकालिकांत आणि दिल्लीच्या कपाटांत होती.

अहवालांत मला सगळ्यांत जास्त काय आवडलं, हे चित्रकला शिक्षक म्हणून सांगायलाच हवं. खापरांची रेखाटनं. मडक्याचं तोंड चार बोटांएवढं सापडतं, त्यावरून अख्खं मडकं काढतात. मधोमध उभी रेघ, एका अंगाला मडकं सुरीनं कापल्यासारखा काळा भरीव काप, दुसऱ्या अंगाला बाहेरचं रूप. ओठ किती जाड, गळा कुठं वळला, पोट कुठं सुटलं, सगळं एका चित्रात. खाली मोजपट्टी. पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी १९५८ साली तेरला उत्खनन केलं, त्याचा अहवाल १९६९ मध्ये छापला गेला. त्याची झेरॉक्स मिळाली तेव्हा मी दोन महिने फक्त खापरं काढत बसलो होतो. घरची म्हणाली, आयुष्यभर पोरांना ‘मडक्याचं स्थिरचित्र’ काढायला लावलंत, आता फुटक्या मडक्यांचं काढताय. पण एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या पोरांना सावली-उजेडाबरोबर हा काप शिकवला तर घराघरातलं ओठ मुडपलेलं भांडं त्यांना वाचता येईल. रांजणाचा ओठ जाड का? कारण तो तिथं धरून हलवतात. माठाचा गळा आखूड का? कारण वाटी आत जायला हवी. कलेचा इतिहास म्हणजे फक्त राजांनी काढवून घेतलेली चित्रं असं आम्ही शिकवत आलो. ओठ आणि गळा हासुद्धा इतिहासच आहे, आणि तो कुंभाराच्या पोराला इतरांपेक्षा लवकर कळतो.

यादीचं महत्त्व काय, कागदावर वस्तू असून काय होतं, असं मला एका पुढाऱ्यानं विचारलं होतं. त्याला मी बेग्रामची गोष्ट सांगितली. काबूलच्या उत्तरेला बेग्रामला फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी १९३७ आणि १९३९ मध्ये हस्तिदंताच्या कोरीव पट्ट्यांचा मोठा साठा उकरला आणि छायाचित्रांसह ग्रंथ छापले. पुढं यादवी युद्धात काबूलचं संग्रहालय लुटलं गेलं, हस्तिदंत चोरबाजारात गेले. त्यांतले काही लंडनमध्ये एका दात्यानं विकत घेऊन ब्रिटिश म्युझियमच्या हवाली केले आणि २०१२ मध्ये ते काबूलला परत गेले. ही वस्तू तीच, हे ओळखायचं कशावरून? जुन्या ग्रंथांतल्या चित्रांवरून आणि वर्णनांवरून. जिचं चित्र, माप आणि क्रमांक छापलेला असतो, त्या वस्तूचा चोरसुद्धा दहा वेळा विचार करतो. पुरावस्तूंचा कायदा आपल्याकडं १९७२ पासून आहे. पण माझ्या गावच्या वेशीतल्या वीरगळाचं एकही छायाचित्र माझ्याशिवाय कुणाकडं नाही, आणि माझं चित्रही मी पेन्सिलीनं काढलेलं. तो वीरगळ उद्या गेला तर फौजदारासमोर मी पेन्सिलीचं चित्र ठेवायचं का? मागच्या यात्रेत त्याला ऑइलपेंट फासला, तेव्हा तर तो माझ्या चित्रासारखाही राहिला नाही.

म्हणून माझं मागणं अगदी साधं आहे. आपल्या राज्यातल्या संग्रहालयांत जे जे आहे, त्याची क्रमांकवार यादी मराठीत, छायाचित्रासह, मोजपट्टीसह आणि कुठं सापडलं त्यासह सर्वांना फुकट पाहता यावी. छायाचित्रं सुंदर नसली तरी चालतील. सध्या पोस्टरवर मूर्ती अशी झळकते की, ती अंगठ्याएवढी आहे की माणसाएवढी ते कळत नाही. पाश्चात्त्यांचं सगळंच चांगलं असं मी म्हणत नाही, त्यांच्या कपाटांत आपलं काय काय आहे ते ठाऊक आहे. पण न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं २०१७ साली आपली पावणेचार लाख छायाचित्रं कुणीही कशासाठीही वापरावीत म्हणून खुली केली, हे शिकण्यासारखं आहे. इथं एका ठिकाणी मी वहीत चित्र काढायला लागलो तर पहारेकऱ्यानं पेन्सिल काढून घेतली. फोटोला बंदी आहे म्हणाला. म्हटलं, हा फोटो नाही. तो म्हणाला, फोटोसारखंच येतंय की. चाळीस वर्षांत माझ्या चित्राला मिळालेली ही सगळ्यांत मोठी दाद, त्यामुळं तक्रार केली नाही.

दुसरं मागणं जुन्या अहवालांचं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे ‘इंडियन आर्किऑलॉजी – अ रिव्ह्यू’ हे १९५३-५४ पासूनचे वार्षिक आढावे आज कुणालाही घरबसल्या वाचता येतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत. विश्वकोश आहे, त्यात तेरची नोंद आहे. हे करणाऱ्यांना माझा साष्टांग. त्याच पंगतीला विद्यापीठांचे आणि राज्याचे जुने उत्खनन-अहवाल बसवायला काय हरकत आहे? ते जनतेच्या पैशानं झालेलं काम आहे. आणि मागं दहा पानांचा मराठी सारांश जोडा. तो यंत्राकडून नको, कुंभारवाड्यात एक दिवस घालवलेल्या माणसाकडून हवा. ‘साचा’, ‘सांधा’, ‘काप’, ‘गेरूचा हात’, ‘थापटणं’, ‘आवा’ हे शब्द तयार आहेत, ते घडवायला समिती नेमावी लागणार नाही.

तिसरं. केंद्र सरकारनं ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ म्हणून तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये मोजून तेरा हजारांवर विद्वत्नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना २०२५ पासून खुली केली. फार मोठं काम आहे, खरंच. पण मी कोणत्याच संस्थेत नाही. आमच्या तालुक्यातला गावोगाव ताम्रपट वाचत फिरणारा निवृत्त तलाठी नाही, लेणी मोजणारा एस. टी. चा वाहक नाही. महाराष्ट्रात इतिहासाचं निम्मं काम अशाच बिनगाइडच्या लोकांनी केलं आहे. लामतुरे तरी कुठल्या विद्यापीठात होते? जिल्हा ग्रंथालयात एक संगणक ठेवा, तिथं बसून वाचायची मुभा द्या. घरी न्यायचं नाही, छापायचं नाही, चालेल. वर्तमानपत्राच्या काठीला जशी साखळी असते तशी त्या संगणकालाही घाला हवं तर.

असो. आपल्या छायाचित्राखालची दुरुस्ती मी लिहून देतो, पुढच्या रविवारी छापावी: ‘हस्तिदंती स्त्रीमूर्ती. तेर येथे सापडली. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय, तेर. पॉम्पेई येथे १९३८ साली सापडलेल्या, नेपल्समधील मूर्तीशी साम्य.’ एवढ्या ओळी मावत नसतील तर छायाचित्र लहान करा, पण ओळी कापू नका. आणि शेजारी मोजपट्टी टाका. आपल्या छायाचित्रकाराकडं नसेल तर शाळेतली सहा इंची पट्टीही चालते, फक्त ती मूर्तीला टेकवू नये म्हणावं.

खापरांच्या रेखाटनांची माझी तिसरी वही सोबत स्पीड पोस्टानं पाठवत आहे. पुरवणीत उपयोग झाला तर करा, माझं नाव छापू नका. पान ४१ वरचं मडकं चुकलंय, त्याचा गळा मी लांब काढलाय, ते घेऊ नका. वही मात्र परत पाठवा. टपालाची तिकिटं शेवटच्या पानाला लावली आहेत.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
जि. धाराशिव